वसतिगृहाची शिदोरी

धार काय किंवा देवास काय, इंदूरपासून फार दूर नव्हेत. तरीही मुलगा तेथील वसतिगृहात राहणार असे ठरले की आमच्या घरांतून डोळ्यांना पदर लागतोच. अशा वेळी आम्हांस देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार आठवतात. १८८८ सालचा जन्म. १८९९ साली गादीवर आले तेव्हा बारा वर्षेही पुरी झाली नव्हती. शिक्षण इंदूरच्या डेली कॉलेजात व पुढे अजमेरच्या मेयो कॉलेजात. मेयोचा पहिला विद्यार्थी, अलवरचा महाराजा, १८७५ साली हत्ती आणि शेकडो नोकरांसह राहावयास आला होता! (लवाजम्याने आईची आठवण थांबते थोडीच?) त्यानंतर तुकोजीरावांना माल्कम डार्लिंग हे इंग्रज शिक्षक लाभले. एवढे होऊनही १९२१ च्या गोकुळाष्टमीत हेच महाराज देवापुढे गात-नाचत होते. त्या वेळी त्यांचे खाजगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी ते प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले आहे.

आमच्या घरचा मुलगा वसतिगृहातून पहिल्या दिवाळीस आला, तो पंगतीत हिंदीतच बोलू लागला. आजीने त्याला वाढता वाढता उत्तर दिले, ते मात्र मराठीत.