पत्त्यांमागचा चित्रकार

पत्ते म्हटले की आमच्या मोताळ्यात बावन्न पानांचा जोड आणि पारावरचा डाव एवढेच डोळ्यांपुढे येते. त्यावरची चित्रे कोणी काढली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्हा तीन मित्रांनी राक्षस-वेताळांचा एक पत्त्यांचा खेळ छापायचे मनावर घेतले आणि चित्रांसाठी माझ्या मामांकडे गेलो. मामा दुकानांच्या पाट्या रंगवीत. फ्लेक्स आल्यापासून ते काम बसले. मी सहज म्हणालो, "मामा, चाळीस चित्रं काढून द्या न."

ब्रश पुसत त्यांनी विचारले, "मजुरी किती देशीन? अन् नाव कोनाचं टाकशीन?"

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना सावंतवाडीच्या गंजिफापर्यंत पोहोचलो.

दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने. एकूण १२०, गोल आणि हाताने रंगवलेली. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे असतात, म्हणून अक्षरओळख नसलेल्यालाही डाव खेळता येतो. छापील पत्ते स्वस्त झाले आणि चितारींचे काम आटले. १९७१ च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करायचे ठरवले, तेव्हा जुनी रीत जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. राजा-राणी स्वतः त्यांच्यापाशी शिकले. मग राजवाड्यात इतर कारागिरांना शिकवून काम दिले.

यातून मला तीन गोष्टी उमगल्या. पहिली, चित्रकार एका सुंदर चित्रावरून निवडू नये. राजा, प्रधान आणि एक साधे पान अशी तीन पाने मागावीत, म्हणजे हात सारखा चालतो का ते कळते. पाठ जराशी जरी वेगळी झाली, तरी पान ओळखू येते आणि डाव संपतो. दुसरी, नमुन्याचेही पैसे द्यावेत. फुकटचा नमुना हीसुद्धा वेठच. तिसरी, चित्रांची संख्या, दुरुस्त्या, मुदत आणि आगाऊ रक्कम कागदावर लिहावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. मात्र हक्क गेला तरी, 'हे मी काढले' असे म्हणण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने चित्रकाराकडेच राहतो.

आम्ही वर्गणी काढून मामांना तीन पानांची मजुरी दिली. मामांनी ती मोजून घेतली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक सही केली. उरलेल्या सदतीस पानांचे पैसे अजून जमायचे आहेत. आईला वाचता येत नाही. तिने साधे पान हातात घेतले, त्यावरचे वेताळ बोटाने मोजले आणि म्हणाली, "हे सत्ती हाय."

तेव्हा मला वाटले, आमचा चित्रकार योग्य आहे.