डोमेन नाव : पहिले वर्ष स्वस्त, नूतनीकरण महाग

रेणापूर : आडत दुकान, कृषी सेवा केंद्र, शिकवणी वर्ग असो वा मंगल कार्यालय, संकेतस्थळ उघडायचे म्हटले की पहिला खर्च येतो तो नावाचा, अर्थात ‘डोमेन’चा. शंभर रुपयांच्या आसपास वर्षभरासाठी नाव देऊ करणाऱ्या जाहिराती पाहून अनेकजण नोंदणी करतात. दुसऱ्या वर्षी मात्र त्याच नावासाठी कित्येक पट रक्कम मागितली जाते. ही फसवणूक नसून या धंद्यातील तीव्र स्पर्धेचे गणित आहे. ते समजून न घेतल्यास पैशांबरोबर नावही गमावण्याची वेळ येऊ शकते.

साखळी कशी चालते?

डोमेनच्या व्यवहारात तीन दुवे असतात. सर्व नावांची मूळ नोंदवही ठेवणारी ‘रजिस्ट्री’, तिच्याकडून घाऊक दराने नावे घेणारे ‘रजिस्ट्रार’ आणि रजिस्ट्रारकडून घेऊन ग्राहकाला विकणारे ‘रिसेलर’. लहान गावात संकेतस्थळ तयार करून देणारा संगणक व्यावसायिक हा बहुधा रिसेलरच असतो.

‘डॉट कॉम’ची रजिस्ट्री व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे. तिचा घाऊक दर २००० मध्ये वर्षाला ६ डॉलर होता. सप्टेंबर २०२४ पासून तो १०.२६ डॉलर, म्हणजे सुमारे नऊशे रुपये झाला. भारतात त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यामुळे त्याहून स्वस्तात ‘डॉट कॉम’ देणारा विक्रेता पहिल्या वर्षी तोटा सोसत असतो. हा तोटा तो नूतनीकरण, होस्टिंग आणि ई-मेल सेवेतून भरून काढतो.

मक्तेदारीकडून स्पर्धेकडे

१९९५ मध्ये नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे नोंदणी होती आणि दोन वर्षांचे शुल्क १०० डॉलर होते. १९९८ मध्ये ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ पासून इतर रजिस्ट्रारना दारे खुली झाली. किरकोळ भाव झपाट्याने उतरले.

या स्पर्धेत मुंबईनेही नाव कमावले. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी १९९८ मध्ये ‘डायरेक्टी’ सुरू केली. तिच्या ‘रिसेलरक्लब’ने छोट्या विक्रेत्यांचे मोठे जाळे उभे केले, तर ‘बिगरॉक’ने थेट ग्राहक गाठला. हे व्यवसाय एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीला विकण्याचा करार २०१३ मध्ये जाहीर झाला.

‘डॉट इन’चे वितरण १६ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्याची रजिस्ट्री ‘निक्सी’ या संस्थेच्या अखत्यारीत आहे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये आले.

सर्वच ठिकाणी मात्र स्पर्धा नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सहकारी बँकांसह सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हे नाव घेण्यास सांगितले. त्याची नोंदणी केवळ ‘आयडीआरबीटी’ ही संस्था करते.

नाव कोणाच्या नावावर?

भावापेक्षा महत्त्वाचा मुद्दा मालकीचा आहे. नोंदणीत ज्याचे नाव आणि ई-मेल असेल, तोच डोमेनचा धारक मानला जातो. रिसेलरने स्वतःच्या तपशिलावर नोंदणी केली असेल आणि पुढे त्याने धंदा बंद केला, तर दुकानदाराला आपले नाव परत मिळवणे कठीण जाते. पाटीवर, पावतीपुस्तकावर छापलेला पत्ता मग निरुपयोगी ठरतो.

‘डॉट कॉम’ची मुदत संपल्यावर साधारणतः ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नूतनीकरण होऊ शकते, मात्र ही सवलत किती दिवस द्यायची हे रजिस्ट्रारवर अवलंबून असते. त्यानंतरच्या ३० दिवसांत जबर शुल्क भरून नाव सोडवता येते. पुढे पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

पहिल्या वर्षाचा नव्हे, तर नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. नोंदणी स्वतःच्या नावाने व ई-मेलने करून घ्यावी आणि नियंत्रण पॅनेलचा पासवर्ड आपल्याकडे ठेवावा. दर न पटल्यास रजिस्ट्रार बदलता येतो. नोंदणीनंतरचे ६० दिवस उलटल्यावर हस्तांतर संकेतांक मागून दुसरीकडे जाता येते, आणि ‘डॉट कॉम’ हलवताना भरलेल्या रकमेत एक वर्षाची मुदतही वाढून मिळते. स्पर्धेचा खरा लाभ ग्राहकाला मिळतो तो याच अधिकारामुळे.