बहिरी ससाण्याची हद्द: भरलेली कपार काय लपवते?

बहिरी ससाणा म्हटलं की सगळ्यांना त्याचा वेग आठवतो. सूर मारताना तो ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो, हे खरंच आहे. पण आज मला बोलायचंय ते त्याच्या हद्दीबद्दल.

हा पक्षी घरटं बांधतच नाही. कड्यावरच्या कपारीत मातीत उथळ खळगा करायचा आणि त्यात तीन-चार अंडी घालायची, एवढंच. सुमारे महिनाभर अंडी उबवायची, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी सहाएक आठवडे. आता तुम्ही विचाराल, घरटंच नाही तर भांडण कशाचं? भांडण जागेचं. वरून आडोसा, खालून कोणाला चढता येणार नाही आणि समोर मोकळं आकाश, अशा कपारी मोजक्याच असतात. म्हणून एकच कडा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहतो.

ही हद्द सगळीकडे सारखी कडक नसते. शिकारीचा टापू मोठा असतो आणि शेजारच्या जोडीच्या टापूत मिसळतोही. कपारीजवळ मात्र माफी नाही. पहिली पायरी म्हणजे नुसतं दिसणं: उंच जागी बसायचं, कड्यासमोर घिरट्या घालायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर ‘कॅक-कॅक-कॅक’ असा कर्कश ओरडा. तरीही पाहुणा हटला नाही तर थेट सूर, मग समोर गरुड का असेना! बहुतेक वेळा प्रकरण धमकीवरच मिटतं. पण दोन ससाणे नख्यांत नख्या अडकवून झुंजले, तर एखाद्याचा जीवही जातो. सैबेरियाच्या तैमीर भागात काही हंस मुद्दाम ससाण्याच्या शेजारी अंडी घालतात. कारण ससाणा कोल्ह्याला हुसकावतो. हंसांना पहारा फुकट मिळतो.

आता मुख्य मुद्दा. कपारी मोजक्या, हद्दी ठरलेल्या. मग उरलेले ससाणे जातात कुठे? ते हद्दीविना भटकत राहतात, जोडीतला एखादा कधी मरतो याची जणू वाट बघत. नर किंवा मादी मेली, तर कधीकधी काही दिवसांतच नवा जोडीदार हजर होतो. बघणाऱ्याला वाटतं, काही बिघडलंच नाही.

याच्यात एक धोका आहे. संकट आलं की आधी ही भटकी शिल्लक आटते. कपारी तोवर भरलेल्याच दिसतात. त्या रिकाम्या दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, संदेशवाहक कबुतरं वाचवण्यासाठी सरकारने ससाणे मारायचा हुकूम काढला. शेकडो मारले गेले, तरी युद्धानंतर संख्या सावरली. पुढे कबुतरं पाळणाऱ्यांची तक्रार आली, की ससाणे फार माजलेत. म्हणून 1961 मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांच्या देखरेखीखाली गणती सुरू झाली आणि निघालं उलटंच! 1963 पर्यंत संख्या युद्धापूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली होती. 1967 साली रॅटक्लिफ यांनी दाखवलं, की अंड्यांची कवचं पातळ झाली आहेत. कारण होतं डीडीटी. बंदुकीने गेलेल्यांची जागा घ्यायला नवी पिढी होती. कीटकनाशकाने ती पिढीच अंड्यात फोडली. पुढे अशा रसायनांवर निर्बंध आले, तेव्हा कुठे ससाणे परतले.

आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर याच जातीचा शाहीन राहतो: गडद पाठ, तांबूस पोट. हिवाळा ते उन्हाळा हा त्याचा विणीचा काळ, आणि नेमके तेव्हाच आपण दोर घेऊन किंवा ड्रोन उडवत कड्यांवर जातो. हद्द राखण्यात गुंतलेल्या जोडीची अंडी तेवढा वेळ उघडी पडतात, तीही आपल्याकडच्या उन्हात. तेव्हा कड्यावर ‘कॅक-कॅक’ ऐकू आलं, तर फोटोसाठी थांबू नका. मागे फिरा. आणि पुढच्या वर्षी तिथे जोडी दिसली, तरी नुसत्या जोडीवर समाधान मानू नका. पिल्लं उडाली का, ते लांबून दुर्बिणीने बघा. खरा हिशेब तोच.