बर काढणे : शेवटच्या हाताचे काम

उद्यमबागेतल्या किंवा मच्छेतल्या एखाद्या लहान मशीन शॉपमध्ये गेलात, तर पहिली नजर सीएनसी लेथवर जाते. मालकही तेच कौतुकाने दाखवतो. पण शेडच्या कोपऱ्यात एक टेबल असते. त्यावर पितळी नगांनी भरलेला क्रेट, आणि टेबलाशी बसलेल्या माणसांच्या हातात पेनाएवढे एक हत्यार. मशीनमधून आलेल्या प्रत्येक नगाची कड त्या हत्याराने साफ करायची, एवढेच त्यांचे काम. याला कारखान्यात 'बर काढणे' म्हणतात. बहुतेक ठिकाणी हे काम 'हेल्पर'कडे असते, आणि आता त्यात बायकांची संख्याही दिसते. आमच्या वर्गातल्या काही मुलामुलींच्या घरचा खर्च अशाच टेबलावर चालतो. म्हणून अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला या विषयात डोकावेसे वाटले.

बर म्हणजे काय, हे आधी पाहू. करवतीने फळी कापताना शेवटच्या क्षणी खालच्या बाजूला कुसळे निघतात, ती सर्वांनी पाहिलेली असतात. धातूचेही तसेच होते. ड्रिल आरपार जाताना शेवटचा पातळ थर कापला न जाता पुढे ढकलला जातो आणि भोकाच्या तोंडाशी वळून राहतो. हीच बर. धातू जितका लवचीक, तितकी ती लांब. लेथवर चालणाऱ्या पितळी सळईत साधारण तीन टक्के शिसे मिसळलेले असते. आपल्याकडे तिच्यासाठी आयएस ३१९ हे मानक आहे. शिशामुळे तिचा कीस भुग्यासारखा तुटून पडतो आणि बरही लहान येते. याउलट ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ ताणले जाते, दाबले जाते, पण तुटत नाही. त्याची बर चिवट असते.

ही बर दिसायला क्षुल्लक, पण तिचे उपद्व्याप मोठे. नळाच्या जोडात ती राहिली तर जोडणी करतानाच आतली रबरी ओ-रिंग कापते आणि पुढे गळती सुरू होते. विजेच्या टर्मिनलमध्ये राहिली तर वायरचे आवरण सोलते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये तर तिचा तुकडा तेलाबरोबर वाहत जातो. तिथे सरकणारा दांडा आणि त्याचे भोक यांत अवघ्या काही मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज यावा. तुकडा अडकला की दांडा जाम, आणि सगळी मशीनरी उभी.

मग सगळ्याच कडा भरपूर मारून टाकाव्यात का? नाही. इथेच या कामातले खरे शहाणपण आहे. कड किती आणि कशी मारायची, हे त्या कडेला पुढे काय काम आहे त्यावरून ठरते. हत्यार त्यानंतर निवडायचे. हाताला लागू नये एवढ्यासाठी कड नुसती मोडली तरी पुरते. ओ-रिंग जिथून आत सरकणार, तिथे उताराची आणि गुळगुळीत कड लागते. आट्यांच्या तोंडाशी चॅम्फर लागतो, म्हणजे नट वाकडा धरत नाही. आणि हायड्रॉलिकच्या त्या दांड्याची कड मात्र धारदारच ठेवायची असते, फक्त तिच्यावर बर नको. ती गोल झाली तर तेलाचे माप चुकते. म्हणूनच ड्रॉइंगवर नुसते 'कडा साफ करा' असे लिहिणे अपुरे आहे. कडेवर किती चालेल आणि किती काढायचे, हे खुणेने दाखवण्यासाठी आयएसओ १३७१५ हे स्वतंत्र मानक आहे.

आता हत्यारांकडे वळू.

पहिली कानस. बाहेरच्या सरळ कडेला तिच्याइतके स्वस्त आणि भरवशाचे दुसरे काही नाही. पण पितळेची कानस वेगळी ठेवावी. पोलादावर वापरलेली कानस पितळेवर नुसती घसरते. जुने फिटर नवी कानस आधी पितळेला वापरतात आणि झिजली की पोलादाला देतात, ते याचसाठी. दातांत कीस भरला की तारेच्या ब्रशने काढावा. आधी थोडा खडू चोळला तर तो कमी भरतो. आणि मुठीशिवायची कानस हातात घेऊच नये; तिचे टोक तळव्यात घुसते.

दुसरे ते पेनासारखे, फिरत्या पात्याचे हत्यार. भोकाच्या तोंडाशी ते गोल फिरवले की पाते आपोआप कडेमागे वळते. इथे मूठ एकच असली तरी पाती अनेक असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पोलाद-ॲल्युमिनियमचे पाते आणि पितळ-बिडाचे पाते वेगळे. पितळ हा 'ओढणारा' धातू आहे. अणकुचीदार, पुढे झुकलेली धार त्यात रुतते आणि कडेवर लाटा उठतात. ड्रिलसुद्धा पितळेत असेच ओढते, म्हणून जाणते टर्नर त्याची धार किंचित मारून घेतात. तेव्हा पाते विकत घेताना ते पितळेसाठी आहे ना, हे विचारून घ्यावे.

तिसरे काउंटरसिंक. यात एक नेहमीचा घोटाळा होतो. ड्रॉइंगवर ४५ अंशांचा चॅम्फर असतो आणि दुकानात हत्यार मागायचे असते ९० अंशांचे, कारण हत्याराचा कोन दोन्ही बाजू मिळून मोजतात. मोजमापाचीही एक सोपी युक्ती आहे. १० मिलिमीटरच्या भोकाला अर्ध्या मिलिमीटरचा ४५ अंशी चॅम्फर हवा असेल, तर वरचे तोंड ११ मिलिमीटर भरले पाहिजे. व्हर्नियरने तेवढे पाहिले की काम झाले.

नळीच्या टोकासाठी वाटीसारखे हत्यार मिळते. त्याची एक बाजू आतली कड मारते, दुसरी बाहेरची. फ्रिज-एसीचे मेकॅनिक तांब्याच्या नळीला हेच वापरतात आणि नळीचे तोंड खाली धरतात, म्हणजे कीस आत पडत नाही. नग हजारोंनी असतील तर वायब्रो मशीन आहेच. त्यात खड्यांबरोबर नग हलवतात. मात्र ते सगळ्याच कडा सारख्या गोल करते, आणि खडे भोकात अडकू शकतात. धारदार कड हवी असलेला नग त्यात टाकू नये.

कामावरून कड आणि कडेवरून हत्यार, हा हिशेब किती बारीक असू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे नेमबाजीचा छंद असलेले अनेक जण झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी फेकून न देता पुन्हा भरून वापरतात. बार उडाल्यावर ही नळी थोडी लांबते, म्हणून तिचे तोंड मापात कापावे लागते. कापले की आत आणि बाहेर बर येते. बाहेरची बर नुसती काढायची. आत मात्र हलका उतार द्यायचा, नाहीतर गोळी बसवताना तिचे अंग खरवडले जाते. साध्या गोळीला नेहमीचा ४५ अंशांचा उतार चालतो. लांब, निमुळत्या गोळीसाठी साधारण २२ अंशांचे वेगळे हत्यार घेतात, कारण तिला सावकाश वाट लागते. आणि उतार फार दिला तर तोंड सुरीसारखे पातळ होऊन दुमडते किंवा चिरते. म्हणून हत्यार दोन-तीन वेळा हलकेच फिरवून थांबायचे. एवढ्याशा नळीच्या तोंडाला एवढा विचार! आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणे हा शस्त्र कायदा, १९५९ अन्वये गुन्हा आहे, तेव्हा यातून घ्यायचा तो फक्त धडा.

आता थोडे अर्थशास्त्र. समजा एका नगाला २० सेकंद लागतात. हजार नगांना साडेपाच तासांहून थोडे अधिक लागतील. योग्य पात्यामुळे नगामागे पाचच सेकंद वाचली, तरी हजार नगांत जवळजवळ एक तास तेवीस मिनिटे वाचतात. जिथे मजुरी नगावर असते, तिथे हा तास थेट बाईच्या पदरात पडतो. उलट बोथट पात्याचा भुर्दंडही तिलाच बसतो. जोर मनगटावर येतो, नग कमी होतात, आणि रिजेक्शनचे बोट तिच्याकडेच वळते. पाते केव्हा बदलायचे, हे ठरवण्याचा अधिकार बहुधा तिच्याकडे नसतो. तो द्यायला मालकाला फारसा खर्च येत नाही. हातातल्या धारेची स्थिती हातालाच आधी कळते.

खरे म्हणजे निम्मी बर मशीनवरच थांबवता येते. टूलची धार वेळेवर बदलली, आटे पाडण्याआधी चॅम्फर मारून घेतला, प्रोग्रॅममध्येच कडेचा एक फेरा टाकला, की टेबलावरचे काम आपोआप हलके होते. मशीनवाल्याने टाळलेला आळस टेबलावरच्या मनगटांना वाचवतो.

ज्यांच्या घरचे कुणी या कामाला जाते, त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चष्मा हवाच. कीस हवेच्या नळीने उडवू नये, ब्रशने झाडावा. तो डोळ्यांत जातो. फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे घालू नयेत. मोजा गुंडाळला की हात ओढला जातो. आणि पितळेत शिसे असते, म्हणून डबा उघडण्याआधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत, कामाचे कपडे घरच्या, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

शेवटी, बर निघाली की नाही हे बोट फिरवून पाहण्याची सवय सोडावी. बोटावरच्या बारीक चिरांचे कारण तेच असते. कापसाचा छोटा बोळा कडेवरून हलकेच फिरवावा. बर असेल तर तंतू अडकून राहतात, नसेल तर बोळा स्वच्छ पुढे जातो. पैशाचीही किंमत नसलेली ही परीक्षा माल गाडीत चढण्याआधी प्रत्येक क्रेटमधल्या चार-सहा नगांवर केली, तर परत येणारा माल कमी होईल, आणि कोपऱ्यातल्या त्या टेबलाला ऐकावी लागणारी बोलणीही.