दुसऱ्या मालकाचा हिशेब

"सिंगल ओनर, ९,००० रनिंग, शोरूम कंडिशन. ऑन-रोड साडेअकरा लाखांना पडली होती, साडेनऊच्या खाली देणार नाही." बेंगळूरुच्या राजाजीनगर, बसवेश्वरनगर भागात जुन्या मोठ्या बाइकचा सौदा चालू असेल तर असं काहीतरी कानावर येतंच. वाक्य कन्नडमध्ये असो, हिंदीत असो की पुण्याहून नोकरीला आलेल्या एखाद्या मराठी अभियंत्याचं असो, त्यातला विचार एकच: मी एवढे घातले, तेव्हा मला एवढे परत मिळायला हवेत.

घेणाऱ्याचं गणित वेगळंच असतं. बाइक दारात आल्यावर आपल्या खिशातून आणखी किती जाणार, हे तो पाहतो. टायर, बॅटरी, मोठी सर्व्हिस, विमा, आरटीओ, आणि उद्या क्लचकेबल तुटली तर ती मिळणार कुठे? बाजारभाव या दुसऱ्या हिशेबावर ठरतो. मोठ्या बाइकच्या किमतीबद्दलचे बहुतेक गैरसमज पहिल्या मालकाच्या वहीतून निघतात, म्हणून आपण दुसऱ्याची वही उघडू.

"पॉलिसीवर लिहिलीय तीच किंमत"

विम्याच्या कागदावर आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीचा, आकडा असतो आणि अनेकांना तो बाजारभावाचा सरकारी दाखला वाटतो. तो आकडा एका ठरावीक तक्त्यातून येतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. त्यानंतर कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. बाइक चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर भरपाई किती द्यायची, एवढ्यापुरताच हा तक्ता आहे. त्याला डुकाटी आणि स्कूटर सारख्याच. शिवाय त्याची सुरुवात एक्स-शोरूम किमतीपासून होते. रोड टॅक्स आणि नोंदणीचा खर्च त्यात धरलेलाच नसतो. बाजारात एखादी बाइक दोन वर्षांत दहा टक्केच उतरते, तर दुसरी चाळीस. तक्त्याला त्याचं सोयरसुतक नाही.

"रोड टॅक्स गेला तो गेला"

इथे जरा थांबायला हवं, कारण बेंगळूरुमधल्या किमतीचं मर्म इथे आहे. कर्नाटकात एक लाखाच्या वरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के, वर उपकर. नऊ लाखांच्या बाइकला नुसता कर १ लाख ६२ हजार. महाराष्ट्रात तीनशे सीसी आणि त्यापुढच्या बाइकला दर १२ टक्के, म्हणजे त्याच बाइकला १ लाख ८ हजार.

हा पैसा बुडाला असं मालक धरून चालतो. पण कर बाइकवर भरलेला असतो, माणसावर नाही. केए-०२ मालिकेची, म्हणजे बेंगळूरु पश्चिमची बाइक जयनगरच्या किंवा म्हैसूरच्या माणसाने घेतली तर त्याला हा कर पुन्हा भरावा लागत नाही. घेणाऱ्याचं मोठं बिल वाचतं आणि त्यातला काही भाग विकणाऱ्याला किमतीत मागता येतो. खरोखर उडून गेलेले पैसे दुसरे: पहिल्या वर्षाचा स्वतःच्या नुकसानीचा विमा, हौसेची अॅक्सेसरी, शोरूमने लावलेले किरकोळ आकार.

याची दुसरी बाजू पुण्याहून, कोल्हापुरातून इथे आलेल्या मराठी मंडळींच्या जिव्हाळ्याची. "तीच बाइक एमएच-१२ पासिंगची दीड लाखाने स्वस्त मिळतेय," असं कुणी हर्षाने सांगतो. मिळणारच. ती कर्नाटकात कायमची ठेवायची तर महाराष्ट्राच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, फॉर्म २७ भरून नवा नंबर, आणि कर्नाटकचा आजीवन कर. बाइकच्या वयानुसार तो कमी होतो. नऊ लाखांच्या बाइकवर त्यातून पाचवा हिस्सा वजा धरला तरी उरतात १ लाख ३० हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथला कर आधी भरायचा आणि तिकडचा परतावा मागाहून. म्हणजे 'स्वस्त' बाइकची स्वस्ताई आरटीओच्या खिडकीवरच संपते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बाइक दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की नवी नोंदणी करावीच लागते. "कोण बघतंय" हे उत्तर रस्त्यावर तपासणी होईपर्यंतच चालतं.

उलट्या दिशेने मात्र चित्र बदलतं. बेंगळूरुची नोकरी सोडून साताऱ्याला परतणाऱ्याला कर्नाटकचा परतावा १८ टक्क्यांच्या हिशेबातून मागता येतो आणि महाराष्ट्रात भरावा लागतो तो १२ टक्क्यांच्या हिशेबातून. निपाणी आणि कागल हाकेच्या अंतरावर आहेत, पण केए-२३ आणि एमएच-०९ यांच्यातली ही करसीमा बाइकच्या व्यवहारात लगेच जाणवते. बीएच मालिकेच्या, म्हणजे राज्याराज्यांत बदली होणाऱ्यांसाठीच्या नंबरच्या, बाइकलाही हेच सूत्र लावा. तिचा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरलेला असतो. घेणारा स्वतः बीएचला पात्र नसेल तर त्याला राज्याचा नंबर घेऊन पुढचा कर भरावा लागतो. तिची किंमत तेवढी कमीच हवी.

"जुनी बाइक विकली की १८ टक्के जीएसटी"

डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीनंतर ही अफवा घरोघर पोचली. बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावरही कर, असा अर्थ लोकांनी काढला. प्रत्यक्षात नोंदणी नसलेल्या सामान्य माणसाने आपली बाइक दुसऱ्याला विकली तर जीएसटीचा संबंधच येत नाही. कर लागतो तो जीएसटी-नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, आणि तोही फक्त त्याच्या नफ्यावर. दुकानदाराने सहा लाखांना घेतलेली बाइक सहा लाख साठ हजारांना विकली तर साठ हजारांवर १८ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये. तोटा झाला तर काहीच नाही. दुकानदार "जीएसटी वाढला" म्हणून तुमच्या बाइकचे पन्नास हजार कापू लागला तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा.

ज्या जीएसटीने जुन्या बाइकचा भाव खरोखर हलवला तो वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या बाइकचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांचा, अधिभारासह ३१ असलेला, ४० वर गेला. गणित साधं आहे: पूर्ण कर पुढे ढकलला तर छोटी बाइक सुमारे ८ टक्क्यांनी उतरते, मोठी जवळजवळ ७ टक्क्यांनी चढते. काही कंपन्यांनी मोठ्या बाइकवरची वाढ काही काळ स्वतः सोसली, म्हणून परिणाम सगळीकडे सारखा दिसला नाही. पण ऑगस्टमध्ये क्लासिक ३५० घेतलेल्याची बाइक महिन्याभरात, एक किलोमीटरही न धावता, जुन्या भावाला महाग ठरली. आणि चार वर्षं वापरलेल्या ६५० च्या मालकाला आयता आधार मिळाला. रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५० नोव्हेंबर २०१८ मध्ये अडीच लाख एक्स-शोरूमला आली होती. आज नवी तीन लाखांच्या वर आहे. त्यामुळे पहिल्या खेपेच्या बाइकची रुपयांतली घट किती थोडी आहे हे ऐकून लोक चकित होतात. चकित होण्यासारखं त्यात काही नाही, जुनीचा भाव नवीच्या सावलीत चालतो. नवी महागली की जुनीही तग धरते.

आयात केलेल्या बाइकबाबत नेमकं उलटं घडू शकतं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पूर्ण तयार आयात होणाऱ्या १६०० सीसीपर्यंतच्या बाइकचं सीमाशुल्क ५० वरून ४० टक्के झालं, त्यावरच्यांचं ३०. जुन्या दराने शुल्क भरून घेतलेल्या अजस्र क्रूझरच्या मालकाचा काही दोष नव्हता, पण खरेदीदार त्याच्या जुन्या पावतीकडे का पाहील?

"फक्त ९,००० रनिंग"

शहरातल्या मोठ्या बाइक रविवारी पहाटे नंदी हिल्सला जातात आणि एरवी तळघरात उभ्या असतात. किलोमीटर कमी म्हणजे इंजिनची झीज कमी, हे खरं. पण रबर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि बॅटरी यांचं वय कॅलेंडरप्रमाणे वाढतं. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. शिक्का जुना असेल तर टायरच्या खोबणी कितीही नव्या दिसोत, मोठ्या बाइकच्या टायरजोडीचं बिल पुढच्या मालकाच्या नावावर लिहिलं गेलं असं समजा. मोठ्या सर्व्हिसचंही तसंच. डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही-४ च्या इंजिनमध्ये व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किलोमीटरवर येते, तर त्याच कंपनीच्या आधीच्या डेस्मो इंजिनांत ती त्याच्या निम्म्यावर किंवा त्याही आधी येई. म्हणून ती सर्व्हिस उरकलेली २५,००० किलोमीटरची बाइक अनेकदा ती तोंडावर आलेल्या २२,००० च्या बाइकपेक्षा स्वस्त पडते. मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिस सेंटरच्या नोंदी फिरवणं अवघड. माझ्या मते जुनी मोठी बाइक विकताना सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे बिलांची फाइल.

महागड्या सायलेन्सरबद्दल एवढंच: बाजारात त्याचे पैसे सहसा परत येत नाहीत. कानठळ्या बसवणारा असेल तर पोलिसांची पावतीही पुढच्या मालकाकडे जाते. कंपनीचा मूळ सायलेन्सर माळ्यावर जपून ठेवला असेल तर मात्र घेणाऱ्याचा चेहरा खुलतो.

"परदेशी नाव आहे, भाव टिकणारच"

यावर मराठी माणसाच्या ओळखीचं उदाहरण आहे. २०१५ मध्ये पुण्याच्या डीएसके समूहाने इटालियन बेनेली भारतात आणली. टीएनटी ६००आय चार सिलिंडरच्या आवाजाने अनेकांच्या मनात भरली आणि बेंगळूरुच्या रस्त्यांवरही दिसू लागली. दोन वर्षांत समूह आर्थिक अडचणीत सापडला. बाइक तीच, आवाज तोच, पण सुटे भाग कोण देणार याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मग भाव टिकणार कसा? ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादच्या महावीर समूहाने बेनेलीची धुरा घेतल्यावर परिस्थिती सावरू लागली.

हार्ले-डेव्हिडसनचं २०२० मध्ये असंच झालं, पण गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. सप्टेंबरमध्ये कंपनीने बावलचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. उरलेल्या नव्या स्ट्रीट ७५० सवलतीत निघाल्या, आणि नवीच स्वस्त मिळत असताना जुनीला विचारणार कोण? कंपनी गेली म्हणजे बाइक भंगार झाली, असं मात्र घडलं नाही. ऑक्टोबरमध्येच हिरो मोटोकॉर्पशी करार होऊन विक्री आणि सुटे भाग हिरोकडे आले. त्या मधल्या काळात घाबरून मिळेल त्या भावाला बाइक विकणाऱ्यांचं नुकसान कंपनीने कमी आणि घाईने जास्त केलं.

"जुनं ते सोनं" म्हणणारे यामाहा आरएक्स १००, राजदूत ३५० आणि म्हैसूरच्या जावा-येझदीचे दाखले देतात. त्या आज मूळ किमतीच्या कितीतरी पट जातात, हे खरं. पण त्यांच्यामागे उत्पादन कायमचं थांबलेलं, हौशी लोकांची फौज, आणि डोळे मिटून इंजिन उघडणारे मिस्त्री अशी सगळी जुळणी आहे. फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि रंगीत टीएफटी पडद्याच्या आजच्या बाइकबाबत तीस वर्षांनी तशी जुळणी होईल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

"डिलिव्हरी नोट दिली, सुटलो"

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. एका गाडीचे एकामागून एक मालक बदलले, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं, राज्याबाहेर ४५ दिवसांत. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०.

विम्यातही एक खाच आहे. तिसऱ्या पक्षाचा विमा बाइकसोबत नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या नुकसानीचा मात्र त्याने १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. नो-क्लेम बोनस बाइकचा नसून तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलंत तर तीन वर्षांत नव्या वाहनाला वापरता येतो. तो 'किमतीत धरून' देऊन टाकणारे पुष्कळ दिसतात.

बाइक विक्रीसाठी दुकानात ठेवायची असेल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम उपयोगी पडतात. आरटीओचं प्राधिकारपत्र असलेल्या दुकानदाराकडे बाइक सोपवल्याची ऑनलाइन सूचना फॉर्म २९-सीमध्ये गेली की तिची जबाबदारी त्याच्याकडे जाते. प्राधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर जो चहा मागवतो आणि विषय बदलतो, त्याच्याकडे चावी ठेवू नका. आणि पैसे खात्यात आल्यावरही परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते पाहत राहा. बदललं नसेल तर खरेदीदाराला फोन लावा, पुन्हा लावा, आणि तरी हलला नाही तर थेट आरटीओत जा.