गोखले आडनांव : मूळ, विस्तार आणि वंशसंबंध

एकाच आडनांवाच्या दोन घराण्यांचे कागद हातीं आले म्हणजे तीं घराणीं एकाच वंशाचीं असलीं पाहिजेत, असें गृहीत धरण्याची चाल संग्राहकांत फार दिवसांची आहे. छापील कुलवृत्तांतांतून या गृहीताचा पुष्कळदां सिद्धान्त झाला, आणि आतां जनुकपरीक्षेच्या नव्या शास्त्रामुळें त्यास अधिकच जोर आला आहे. आडनांव ही वंशाची साक्ष आहे खरी. पण ती एकट्या साक्षीदाराची साक्ष होय. तिला दुजोरा कोणता मिळावा व तो कोणत्या कागदांत सांपडतो, हें रत्नागिरी जिल्ह्यांतील गोखले या आडनांवाच्या आधारें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चित्पावन अथवा कोंकणस्थ ब्राह्मणांत परंपरेनें चौदा गोत्रें व साठ मूळ आडनांवें मानलीं आहेत. त्यांपैकीं गोखले हें काश्यप गोत्रांत येतें. लेले, गानू, जोग व लवाटे हीं त्याच गोत्रांतील इतर मूळ आडनांवें होत. पुढें गांवावरून, वृत्तीवरून, हुद्द्यावरून नवीं आडनांवें पडत गेलीं आणि साठांचीं शेंकडों झालीं. मूळचे भानू ते पेशव्यांच्या दरबारीं फडणीस झाले, हें सर्वांस विदित आहे. तेव्हां मूळ आडनांव कोणतें व मागाहून जडलेलें उपनाम कोणतें, हा भेद करणें संशोधकाचें पहिलें काम ठरतें.

व्युत्पत्तीकडे वळूं. 'गोखले' हें रूप आकारान्त नामाच्या आदरार्थी अनेकवचनाचें दिसतें. 'गोखल्यांचा' हें षष्ठीचें रूप 'पेशव्यांचा' याच्याच जातीचें आहे. परंतु मूळ शब्दाविषयीं कानास गोड लागणाऱ्या कल्पनांपासून सावध राहिलें पाहिजे. 'गोरक्ष' यापासून तें काढावें, तर 'गोरख' या प्रसिद्ध नांवांत रकार टिकून राहिला आहे. येथेंच तो कां लोपावा, याचें उत्तर मिळत नाहीं. 'गोकुल' यापासून काढावें, तर प्राकृतांत मधल्या ककाराचा लोप होऊन 'गोउल' होतें. त्यांतून महाप्राण खकार उत्पन्न होत नाहीं. 'गवाक्ष', 'गवक्ख', 'गोख' हा क्रम ध्वनिदृष्ट्या सुसंगत आहे. पण खिडकीचा व कुळाचा संबंध जोडणारा पुरावा त्यांत नाहीं. व्युत्पत्ति शब्दाचा वंश सांगते, माणसाचा नव्हे.

आतां विस्तार पाहूं. कोंकणांत या आडनांवाचें एक मुख्य क्षेत्र म्हणजे गुहागर तालुका. अनेक गोखले घराण्यांचें कुलदैवत वेळणेश्वर त्याच किनाऱ्यावर आहे, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म इ. स. १८६६ मध्यें त्याच तालुक्यांतील कोतळूक येथें झाला. या मुलखांत भातशेती थोडी, आणि वतनाचे व भिक्षुकीचे वांटे पिढीगणिक लहान होत जाणारे. त्यामुळें धाकट्या भावांस घर सोडणें भाग पडे. इ. स. १७१३ मध्यें श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि घाट चढून जाणाऱ्या कोंकणस्थांस मोठा आधार झाला. त्या ओघांत गोखलेही देशावर पसरले. धोंडोपंत गोखले इ. स. १८०० मध्यें धोंड्या वाघाशीं लढतांना पडले. त्यांचे पुतणे बापू गोखले दुसऱ्या बाजीरावाचे सेनापति झाले व इ. स. १८१८ च्या फेब्रुवारींत आष्टीच्या लढाईंत कामास आले. पुढें इंग्रजी अमलांत शाळाखातें, न्यायखातें व आगगाडी यांनीं हें आडनांव कोंकणापासून आणखी दूर नेलें. सेनापति बापू आणि नामदार गोपाळराव या दोन थोर पुरुषांचें आडनांव एक. पण तेवढ्यावरून त्यांस एका वंशवृक्षाच्या शेजारच्या फांद्यांवर बसवूं पाहणें म्हणजे मधल्या पिढ्यांचे कागद न पाहतांच निकाल देणें होय.

आडनांव कसें फसवितें, याचीं तीन उदाहरणें घेऊं. पहिलें रास्ते यांचें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या. रास्ते मूळचे गोखले. फारसी 'रास्त' म्हणजे खरा, सचोटीचा, त्यावरून हें उपनाम पडल्याची परंपरा आहे. येथें कूळ एक, आडनांवें दोन. पेशवाईच्या कागदांत केवळ 'गोखले' हा शब्द शोधीत जाणारा संशोधक या कुळाची एक थोर शाखा हातची घालवील. दुसरें उदाहरण इचलकरंजीकरांचें. नारो महादेव हे मूळचे रत्नागिरीकडील वरवडें गांवचे जोशी. संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें उदयास आल्यावर त्यांनीं कृतज्ञतेनें धन्याचें आडनांव घेतलें. येथें आडनांव एक, पण कुळें दोन, इतकेंच नव्हे तर जातीही दोन. तिसरें उदाहरण खुद्द जोशी या आडनांवाचें. ज्योतिष सांगणारा तो जोशी. तें वृत्तीचें नांव असल्यानें अनेक गोत्रांत व ब्राह्मणांच्या निरनिराळ्या शाखांत आढळतें. त्यावरून वंशाचा बोध जवळजवळ कांहींच होत नाहीं.

म्हणूनच जुने लोक आडनांवाबरोबर गोत्र, वेदशाखा, कुलदैवत व मूळ गांव विचारीत. विवाहासाठीं गोत्र जपावें लागे; सबब तें आडनांवापेक्षां अधिक स्थिर राहिलें. तथापि गोत्र म्हणजेच रक्त, असें समजणेंही बरोबर नाहीं. काश्यप गोत्र एकट्या चित्पावनांचें नव्हे. देशस्थांत व उत्तरेकडील ब्राह्मणांतही तें आहे. शिवाय ज्यास आपलें गोत्र ठाऊक नाहीं त्यानें काश्यप गोत्र सांगावें, असा धर्मशास्त्रांत प्रसिद्ध संकेत आहे. जें गोत्र अज्ञातगोत्रांचें आश्रयस्थान झालें, त्यावरून एकवंशत्व ठरविणें विशेष जोखमीचें. गोत्राचा खरा उपयोग निषेधाकडे आहे. दोन घराण्यांचीं गोत्रें भिन्न असलीं, तर पितृपरंपरेनें तीं एक नसावींत असें प्रथमदर्शनीं म्हणतां येतें. गोत्र सारखें असलें, तर तेवढ्यानें तीं एक ठरत नाहींत.

या साखळींतील नाजूक कडी म्हणजे दत्तक. दत्तक गेलेला मुलगा जनकाचें गोत्र सोडून नव्या पित्याचें गोत्र घेतो. निबंधकारांचा कल जवळच्या सपिंडास दत्तक घेण्याकडे आहे; झांशीच्या गंगाधरराव नेवाळकरांनीं इ. स. १८५३ मध्यें घेतलेला दत्तक त्यांच्याच भाऊबंदांतील होता. अशा ठिकाणीं रक्ताची पितृपरंपरा तुटत नाहीं. परंतु अन्य कुळांतील मुलगा घेतला, तर आडनांव चालतें, गोत्र चालतें, श्राद्धही चालतें. रक्त मात्र दुसरें येतें. वंशावळींत ही सारी हकीकत पुष्कळदां 'दत्तक' या एका शब्दांत सांठविलेली असते, आणि नकलकारानें तो शब्द गाळला कीं ती कायमची लोपते.

नव्या जनुकशास्त्राचा उपयोग नेमका येथें आहे. पुरुषाचें वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातें. आडनांवाचाही मार्ग तोच. इंग्लंडांत साइक्स या आडनांवाच्या ४८ पुरुषांची अशी परीक्षा झाली व तिचें फल इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झालें. एकमेकांशीं नातें ठाऊक नसलेल्या त्या पुरुषांपैकीं जवळजवळ निम्म्यांत एकच पितृचिन्ह आढळलें, आणि त्यावरून त्या आडनांवाचा मूळ पुरुष एक असावा असें अनुमान निघालें. उरलेल्या निम्म्यांत तें आढळलें नाहीं, हीही गोष्ट तितकीच ध्यानांत ठेवण्यासारखी. आपल्याकडे गायकवाड व कश्यप या संशोधकांनीं इ. स. २००५ मध्यें चित्पावन, देशस्थ, मराठा, धनगर इत्यादि समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पण तो समाजांचा आहे, आडनांवांचा नव्हे. त्यावरून एखाद्या गोखले घराण्याचें मूळ सांगूं लागणें म्हणजे जिल्ह्याच्या नकाशावरून घराचें दार शोधणें होय. शिवाय दहा पिढ्या मागें गेलें म्हणजे प्रत्येकाच्या पूर्वजांचीं स्थानें १०२४ होतात. आडनांव व पितृचिन्ह हीं दोन्ही त्यांतील एकाच स्थानाविषयीं बोलतात. उरलेल्या १०२३ स्थानांवर अनेक आडनांवांचीं माणसें आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्थानें स्त्रियांचीं आहेत. त्यांचीं माहेरचीं नांवें वंशावळींतून सर्वांआधीं गळतात.

परीक्षेनें दोन पुरुषांची पितृपरंपरा एक ठरेल, किंवा भिन्न ठरेल. ती कोठें जुळली, कोठें तुटली, दत्तकानें कीं उपनामानें, हें सांगणें तिच्या हातीं नाहीं. तें काम कागदाचें आहे. विसाव्या शतकांत चित्पावनांत कुलवृत्तांत छापण्याचा मोठा उद्योग झाला. त्यांचें सामाजिक इतिहासाचें साधन म्हणून मोल किती, हें मॉरीन पॅटर्सन या अमेरिकन विदुषींनीं इ. स. १९६८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दाखविलें. परंतु कुलवृत्तांत हें दुय्यम साधन होय. मूळ साधनें म्हणजे नाशिक, त्र्यंबक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यात्रेकरूनें आपलें गांव, बापआजे व भाऊ स्वहस्तें नोंदविलेले असतात; तसेंच घरांतील श्राद्धतिथींच्या याद्या, वांटणीपत्रें, दत्तकपत्रें, लग्नाच्या आहेराच्या याद्या व खोतीचे हिशेब. इ. स. १९४९ च्या कायद्यानें खोती रद्द झाली व या शेवटच्या कागदांचा व्यवहारांतील उपयोग संपला. तेव्हांपासून त्यांस रद्दीवांचून दुसरा वाली उरला नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. जुना रुमाल हातीं आला म्हणजे मोर्तबाचीं पत्रें निवडून बाकीचा गठ्ठा टाकून देऊं नये, अथवा कागद सुटे करून विकूं नयेत. मोर्तबाच्या पत्रानें फार तर एका पुरुषाचा हुद्दा कळतो. आहेराच्या यादींत मात्र लेकीसुनांचीं माहेरें असतात, श्राद्धाच्या यादींत पिढ्यांचा क्रम असतो, आणि ज्या गांवचा, ज्या घरचा तो रुमाल, तें गांव व तें घर त्याच्या एकत्र असण्यानेंच ठरतें. कोणत्या घरांतून तो मिळाला, कागदांचा मूळ क्रम कोणता होता, एवढें वरच्या फडक्यावर त्याच दिवशीं लिहून ठेवावें. गुणसूत्र पुढील पिढ्यांच्या देहांत राहील व तें पुन्हां तपासतां येईल. फाडलेली यादी पुन्हां मिळणार नाहीं.