वाऱ्याशी बोलणारे चाक आणि सत्तरीतला सायकलस्वार

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गिरीज गावात पहाटे सायकलीवरून निघावे. हिरा डोंगरी मागे पडते, रस्त्याच्या कडेला केळीच्या आणि फुलांच्या वाड्या लागतात, मधूनच एखादे बावखल दिसते. उत्तरेस निर्मळच्या दिशेने जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो आणि माडांच्या आडून येणारा वारा अंगाला आडवा भिडतो. माझे मामा या रस्त्यावर गेली पन्नास वर्षे सायकल चालवत आहेत. ऐन तारुण्यात ते शर्यतींत उतरत. आता त्यांना एकाहत्तरावे वर्ष लागले आहे.

गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात त्यांचे पुढचे चाक गेले. ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. मामी आणि सून म्हणतात, “आता सायकल पुरे.” परदेशी असलेल्या मुलाला मात्र वडिलांचे खट्टू झालेले मन पाहवत नाही. त्याने फोनवरून सांगितले, “बाबा, तुमच्या रेसिंग सायकलीला मी कार्बनची एरो चाके पाठवतो.” मामांचा चेहरा खुलला, सुनेचा उतरला. “भाचे, तूच काय ते सांग,” असे म्हणून मामांनी तो प्रश्न माझ्यापुढे ठेवला. ज्या घरांत वयस्क व्यक्तीची हौस आणि आप्तांची काळजी समोरासमोर उभी राहते, अशा अनेक घरांना या प्रश्नाचे उत्तर उपयोगी पडेल, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

एरो चाक म्हणजे काय?

बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे, पाटे आणि वरून लोखंडी धाव असते. सायकलीच्या चाकातही तत्त्व तेच आहे. मध्ये हब, त्यातून निघणारे स्पोक, बाहेर रिम आणि रिमवर टायर. साध्या रिमची उंची, म्हणजे टायरच्या कडेपासून आत तुंब्याच्या दिशेने मोजलेली खोली, वीस-पंचवीस मिलिमीटर असते. एरो चाकात ती ४०, ५०, ६०, कधी ८० मिलिमीटरपर्यंत वाढवलेली असते. अशा उंच रिमच्या बाजूंवरून हवा सुरळीत सरकते, मागे भोवरे कमी उठतात आणि स्पोकांची हवेत घुसळणारी लांबीही घटते. एवढी उंच रिम ॲल्युमिनियमची केली तर जड होते, म्हणून ती कार्बनच्या धाग्यांपासून बनवतात. अशा चाकांच्या जोडीची किंमत साठ-सत्तर हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत जाते.

शर्यतपटूला हा खर्च का परवडतो, याचे कारण वाऱ्याच्या हिशेबात आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडते. तेथे चाकांनी दहा-पंधरा वॅट वाचवले तरी निकाल बदलू शकतो.

हाच हिशेब आपल्या वेगाला

मामांचा सध्याचा वेग ताशी अठरा किलोमीटर. समजा, एखाद्या उत्तम चाकजोडीने ताशी ४५ किलोमीटर वेगाला १६ वॅट वाचतात. अठराचा वेग हा पंचेचाळीसच्या चार दशांश आहे. शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून येथे ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे जेमतेम ०.०६४ पट बचत उरते. सोळा वॅटचा एक वॅट झाला. वीस किलोमीटरच्या फेरीत त्याने सुमारे अर्धे मिनिट वाचेल.

मी हे आकडे कागदावर मांडले, तेव्हा मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे अर्ध्या मिनिटासाठी लाखभर रुपये?”

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हवेच्या एकूण अवरोधात सर्वांत मोठा वाटा सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. शर्यतपटू कंबरेतून वाकून, कोपरे आत घेऊन जेवढा वारा चुकवतो, तेवढा कोणतेही चाक चुकवू शकत नाही. परंतु मानेच्या मणक्यांची झीज किंवा कंबरदुखी असलेल्या ज्येष्ठाने तसे वाकणे हिताचे नव्हे. मान वर करून दूरचा रस्ता पाहता येणे हेच या वयात मोलाचे.

हलक्या चाकांचा मोहही असाच तपासावा. चाके चारशे ग्रॅमने हलकी झाली तरी स्वार आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो वजनात तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक आहे.

आडवा वारा आणि पुढचे चाक

उंच रिमचा खरा दोष आडव्या वाऱ्यात कळतो. रिमची बाजू शिडासारखी वारा धरते. मागचे चाक चौकटीत स्थिर बसलेले असते, पण पुढचे चाक हँडलबरोबर वळते. त्यामुळे वाऱ्याचा झोत आला की हँडल अकस्मात एका बाजूला ओढले जाते. ट्रक शेजारून गेला, किंवा घरांची रांग संपून एकदम मोकळे शेत लागले, की हा झटका अधिक जाणवतो. तरुण स्वार तो सहज सावरतो. वयानुसार प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढतो, तोल सावरण्याची क्षमता घटते आणि मनगटाची पकडही सैल होते.

गिरीजहून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांवर समुद्राकडचा वारा नेमका आडवा लागतो. किनारपट्टीवर हा खारा वारा उन्हे चढल्यावर वाहू लागतो आणि दुपारी जोर धरतो. म्हणूनच पहाटेची फेरी सोयीची. शिवाय कार्बन गंजत नसला, तरी ॲल्युमिनियमच्या स्पोक-निपल कार्बनच्या सान्निध्यात आणि खाऱ्या दमट हवेत लवकर झिजतात, हेही किनाऱ्यावरच्या घरांनी ध्यानात ठेवावे.

खड्डा, ब्रेक आणि न दिसणारी भेग

ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली की वाकते. चाक आउट झाल्याचे डोळ्यांना दिसते आणि गावातला सायकल-मिस्त्री स्पोक आवळून आउट काढून देतो. कार्बनची रिम सहसा वाकत नाही. ती एक तर टिकते किंवा तडकते, आणि भेग आतल्या थरात असेल तर वरून दिसतही नाही. म्हणून मोठा आघात झाल्यावर ती जाणकाराकडून तपासून घ्यावीच लागते.

ब्रेकचेही तसेच आहे. जुन्या सायकलींत ब्रेकचे रबर थेट रिमवर दाबते. कार्बनच्या रिमवर त्यासाठी खास पॅड लागतात, पावसात पकड उशिरा बसते आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास रिम तापून इजा होऊ शकते. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीत ब्रेक हबजवळच्या चकतीवर लागतो, त्यामुळे ही अडचण येत नाही. मामांची सायकल जुनी, रिम-ब्रेकची. म्हणजे नव्या चाकांसाठी कदाचित सायकलच नवी घ्यावी लागली असती.

मग सुख कशात आहे? टायरमध्ये

ताशी पंधरा-अठरा किलोमीटर वेगाला रस्त्याचे घर्षण आणि हवेचा अवरोध जवळजवळ तुल्यबळ असतात. म्हणून या वेगाला रिमपेक्षा टायर महत्त्वाचा. कडक, जाडजूड, स्वस्त टायरच्या जागी लवचीक आणि दर्जेदार टायर घातला, तर महागड्या एरो चाकांच्या कितीतरी पट शक्ती वाचते. टायर थोडा रुंदही असावा. पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवले जात. आता शर्यतपटूही २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर कमी हवेवर वापरतात. सत्तर किलोच्या स्वाराला ३२ मिलिमीटरच्या टायरात साधारण पन्नास ते साठ पीएसआय हवा पुरते. टायर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये. रुंद टायर खड्ड्याचा धक्का गिळतो, ओल्या रस्त्यावर अधिक पकड देतो आणि मनगट, खांदे, कंबर यांना विसावा देतो.

एरो चाके कोणाला शोभतात?

ती निरुपयोगी आहेत असे नव्हे. अमेरिकेतील ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. अशा अंतरांवर आणि वेगांवर वाचलेला प्रत्येक वॅट मोलाचा असतो. घरातला नातू शर्यतीत उतरत असेल, किंवा साठीतला एखादा स्वार नियमित सरावाने ताशी तीसच्या वर टिकत असेल, तर त्याने ती अवश्य घ्यावीत. घेताना पुढे फार उंच रिम टाळावी. चाळीसच्या आसपासची रिम मध्यममार्ग ठरते. मागची थोडी उंच चालते.

वय हा अडसरच असतो असेही नाही. फ्रान्सचे रोबेर मार्शां साठी उलटल्यावर पुन्हा सायकलीकडे वळले आणि ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षी, एका तासात २२.५४७ किलोमीटर गेले. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम न करणाऱ्या समवयस्कांच्या तुलनेत त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीतील काही पेशींची निर्मिती तरुणांच्या जवळ जाणारी आढळली. अर्थात हे स्वार मुळातच निरोगी, निर्व्यसनी आणि दीर्घकाळ सायकल चालवणारे होते, हे विसरू नये.

काळजी घेणाऱ्यांसाठी

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. सायकलीने गुडघ्यांवर भार न पडता हृदय आणि फुप्फुसांना व्यायाम मिळतो. परंतु शरीराचे वजन सायकल पेलत असल्याने हाडांना पुरेसा ताण मिळत नाही. म्हणून चालणे आणि ताकदीचे व्यायाम जोडीला हवेतच. पडून एकदा हाड मोडले असेल, तर हाडांची घनता तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. मनगटाचे फ्रॅक्चर ही पुढच्या खुब्याच्या फ्रॅक्चरची पूर्वसूचना असू शकते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर तो किरकोळ वाटला तरी त्वरित रुग्णालयात न्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर खिशात गोड पदार्थ ठेवावा. आपली वसईची सुकेळी त्यासाठी जवळ ठेवता येतील, पण साखर एकदम उतरल्यास ग्लुकोज किंवा साखरपाणी अधिक लवकर गुण देते. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीचा वेग दबून राहतो. त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नये, सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येते का ते पाहावे. छातीत दुखणे, अचानक धाप लागणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास तेथेच थांबावे आणि मदत मागवावी.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

• माझा नेहमीचा वेग किती? ताशी पंचविसाच्या आत असेल, तर आधी टायर बदलावा.
• माझ्या सायकलीला रिम-ब्रेक आहे की डिस्क? चौकटीत किती रुंद टायर बसतो?
• चाकाची वजनमर्यादा किती? त्यात स्वार, सायकल आणि सामान हे सारे धरावे.
• रिमला आत टायर अडकवण्याची कड आहे का? ती नसेल तर योग्य टायरच वापरावा लागतो आणि हवा ७२.५ पीएसआयच्या आत ठेवावी लागते.
• आपटल्यास हमी लागू होते का? तुटलेला स्पोक जवळपास मिळेल का?
• मी नेहमी जातो त्या रस्त्यावर आडवा वारा लागतो का?

आणि मामांचे काय झाले?

चाके आली नाहीत. मुलाने त्याच पैशांतून नवे ब्रेक, साधी पण मजबूत ॲल्युमिनियमची चाके, चौकटीत बसतील तेवढे रुंद टायर, चांगले हेल्मेट आणि मागे लावायचा लाल दिवा एवढे सामान घेऊन दिले. उरलेल्यात हाडांची तपासणी झाली. अहवालात हाडे विरळ झाल्याचे निघाले. औषध सुरू झाले, आणि फिजिओथेरपिस्टने एका पायावर उभे राहण्याचा सराव शिकवला. सुनेने दोन अटी घातल्या. पाऊस असेल तर सायकल बाहेर काढायची नाही, आणि खिशात नाव, औषधांची यादी व घरचा क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवायची. मामांनी पहिली अट कुरकुरत मान्य केली, दुसरी लगेच.

परवा पहाटे मी त्यांच्या मागोमाग निर्मळपर्यंत गेलो. तळ्याकाठी थांबल्यावर त्यांनी मनगट हलवून पाहिले. “दुखत नाही रे,” ते म्हणाले, “खड्डा आला तो कळलासुद्धा नाही.” घरी परतलो तेव्हा सून ओट्यावर उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिले नाही. तिने मामांच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना तेवढे पाहिले आणि चहा टाकायला आत गेली.